ऑलिम्पिकच्या महिला रायफल नेमबाजीसाठी अर्ज कुठे करायचा? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

"ऑलिम्पिकला जायचंय, फॉर्म कुठे मिळेल?" नव्याने रायफल हाती घेतलेल्या मुली हे विचारतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे पालक विचारतात. असा फॉर्म नसतो. ऑलिम्पिक सनदेच्या, म्हणजे ऑलिम्पिकच्या मूळ नियमावलीच्या, ४४व्या नियमानुसार प्रवेशिका पाठवण्याचा अधिकार फक्त त्या त्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला आहे. खेळाडू, प्रशिक्षक, क्लब यांपैकी कुणालाही थेट नाव देता येत नाही. तेव्हा "डायरेक्ट एंट्री काढून देतो" असं कुणी सांगितलं, तर तिथूनच मागे फिरा.

तरीही नेमबाजाने स्वतः जमवायच्या आणि सांभाळायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यातली एक जरी राहिली तरी समितीलाही काही करता येत नाही.

महिलांसाठी वैयक्तिक प्रकार दोन. १० मीटर एअर रायफलमध्ये ४.५ मिमीची रायफल, ६० शॉट आणि दशांशातले गुण (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९), म्हणजे कमाल ६५४. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ५.६ मिमीची रायफल, नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं झोपून) आणि स्टँडिंग (उभं राहून) मिळून ६० शॉट, गुण पूर्णांकात, कमाल ६००. शिवाय एअर रायफलची मिश्र जोडी. इतर बहुक्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक मात्र आधी नीट पाहा. राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजी दरवेळी नसते. २०२२च्या बर्मिंगहॅमला ती नव्हती आणि २०२६च्या ग्लासगोच्या यादीतही नाही.

कोटा कुणाचा?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीच्या जागा ठरलेल्या असतात. पॅरिस २०२४ला सगळे प्रकार मिळून ३४० होत्या. एका देशाला एका वैयक्तिक प्रकारात जास्तीत जास्त दोन खेळाडू उतरवता येतात. या जागा, म्हणजे कोटा, जागतिक अजिंक्यपद, खंडीय स्पर्धा, पात्रता क्रमवारी अशा ठरवून दिलेल्या मार्गांनी मिळतात.

जागतिक आणि खंडीय अजिंक्यपदात मिळवलेला कोटा देशाचा असतो, तो मिळवणाऱ्या मुलीचा नाही. पॅरिसच्या वेळचं उदाहरण घ्या. १० मीटर एअर रायफलचा कोटा मेहुली घोषने २०२३ला बाकूच्या जागतिक स्पर्धेत मिळवला, दुसरा तिलोत्तमा सेनने चांगवॉनच्या आशियाई स्पर्धेत. त्यानंतर २०२४मध्ये दिल्ली आणि भोपाळला निवड चाचण्या झाल्या, आणि पॅरिसला गेल्या इलावेनिल वलारिवन आणि रमिता जिंदल. हे कुणाला निष्ठुर वाटेल, पण नियमात बसणारं आहे. कोटा हाती आला की निम्मंच काम झालं असं समजायचं. आपल्या राष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं निवड धोरण छापील स्वरूपात मिळवा: किती चाचण्या, कोटा मिळवणारीला जादा गुण आहेत का, सरासरी कशी काढणार. चाचणीच्या आदल्या दिवशी हे विचारून उपयोग नाही.

सार्वत्रिकता कोटा हा वेगळा मार्ग. नेमबाजीत फारशी मजल न मारलेल्या लहान देशांसाठी तो असतो आणि त्याचं निमंत्रण ठरावीक खेळाडूच्या नावाने येतं. मोठं पथक पाठवणाऱ्या देशांना त्याचा काही उपयोग नाही.

किमान पात्रता गुण

देशाकडे कोटा असला तरी उतरणाऱ्या खेळाडूने त्या प्रकारातला किमान पात्रता गुणांक, ज्याला सगळे एमक्यूएस म्हणतात, गाठलेला असावा लागतो. प्रत्येक प्रकाराचा आकडा वेगळा, आणि तो दर ऑलिम्पिकसाठी नव्याने जाहीर होतो. खाचखळगा असा, की हे गुण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची मान्यता असलेल्या स्पर्धेत आणि ठरलेल्या मुदतीतच झालेले असावे लागतात. घरच्या रेंजवर किंवा राष्ट्रीय स्पर्धेत कितीही मारलेत तरी ते इथे धरत नाहीत. एअर रायफलच्या मुलीला थ्री पोझिशनमध्येही उतरायचं असेल, तर त्याचा एमक्यूएस वेगळा हवा, शिवाय त्या प्रकारात देशाच्या दोन जागा आधीच भरलेल्या नसाव्यात.

ओळख, वय, नागरिकत्व

आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी जागतिक महासंघाचा ओळख क्रमांक लागतो, तोही राष्ट्रीय महासंघामार्फतच काढायचा. त्याची रचना पाहिली तर चूक कुठे होते ते कळतं: आधी 'एसएच', मग देशाची तीन अक्षरं, महिलांसाठी 'डब्ल्यू', पुढे आठ अंकांत जन्मतारीख आणि शेवटी अनुक्रमांक. म्हणजे जन्मतारीख क्रमांकातच बसलेली असते. शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरी तारीख असेल, तर आधी ती दुरुस्त करा आणि मगच क्रमांक काढा. नावाचं स्पेलिंगही पासपोर्टवर आहे तेच ठेवा.

वयाची फार चिंता नको. पॅरिसला १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकणारी कोरियाची बान ह्यो-जिन १६ वर्षांची होती. टोकियोला थ्री पोझिशनमध्ये उतरलेल्या तेजस्विनी सावंत चाळिशीच्या होत्या. अल्पवयीन खेळाडूच्या कागदांवर पालकांची सही लागते, इतकंच. आणि मलेशियाची नूर सुरयानी तैबी २०१२ला लंडनमध्ये आठ महिन्यांची गरोदर असताना एअर रायफल खेळली होती. अशा वेळी डॉक्टरांचा दाखला आणि विमान कंपनीचे नियम मात्र आधीच पाहून ठेवायचे.

नागरिकत्व ज्या देशाकडून खेळायचं त्याचंच हवं. आधी दुसऱ्या देशाकडून खेळला असाल, तर सनदेच्या ४१व्या नियमाप्रमाणे तीन वर्षं थांबावं लागतं. संबंधितांच्या संमतीने ही मुदत कमी होऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये.

समितीकडे काय द्यायचं

पासपोर्ट, ठरलेल्या मापाचा फोटो, ओळख क्रमांक, सही केलेला सहभाग-अटींचा फॉर्म. अ‍ॅक्रिडिटेशनचं, म्हणजे स्पर्धेच्या अधिकृत ओळखीचं, कार्ड यावरूनच बनतं आणि पासपोर्टसोबत ते यजमान देशात प्रवेशासाठी चालतं. संभाव्य खेळाडूंची यादी स्पर्धेच्या कित्येक महिने आधी जाते, त्यामुळे "निवड झाली की कागद देऊ" हा विचार सोडा. पॅरिससाठी अंतिम प्रवेशिकांची मुदत ८ जुलै २०२४ होती. त्यानंतर बदली खेळाडू फक्त दुखापतीसारख्या अपवादात्मक कारणासाठी.

औषधांची बाजू नेमबाजीत जास्त कडक आहे. हृदयाचे ठोके आणि हाताचा कंप कमी करणारे बीटा-ब्लॉकर इथे स्पर्धेच्या काळातच नव्हे, एरवीही बंद आहेत. अर्धशिशीसाठी किंवा रक्तदाबासाठी साध्या दवाखान्यातही ते लिहून देतात. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा की तुम्ही नेमबाज आहात. औषध टाळता येण्यासारखं नसेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज वेळेत करावा लागतो आणि ती मिळेलच असं नाही.

रायफलचे कागद

रायफलला स्वतःचा असा तात्पुरता आयात परवाना लागतो. फॉर्ममध्ये बनवणाऱ्या कंपनीचं नाव, कॅलिबर (नळीचा व्यास), सीरियल नंबर आणि काडतुसांची संख्या भरायची. नंबर जुन्या कागदावरून उतरवू नका, रायफल समोर ठेवून वाचा. विमानतळावरचा अधिकारीही तेच करतो, आणि एक अंक चुकला तरी पेटी अडकते. विमानात काडतुसं माणशी ५ किलोपर्यंतच नेता येतात, आणि एअर रायफलचा दाबाच्या हवेचा सिलिंडर रिकामा करून द्यावा लागतो.

सिलिंडरवरची तारीखही पाहा. उत्पादकाने दिलेली मुदत, जास्तीत जास्त १० वर्षं, उलटली असेल तर तो स्पर्धेत चालत नाही, आणि ही जबाबदारी पूर्णपणे खेळाडूची.

रेंजवर पोहोचल्यावर इक्विपमेंट कंट्रोल, म्हणजे साहित्याची तपासणी. एअर रायफल ५.५ किलोच्या आत हवी. जॅकेट, ट्राउझर आणि बूट पूर्ण स्पर्धेसाठी एकेकच नोंदवता येतात, त्यामुळे दोन्ही प्रकार खेळणारीने तेच वापरायचे. जॅकेटच्या कापडाची एकेरी जाडी २.५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. कडकपणा तपासणारं एक यंत्र असतं. त्याच्या वजनाखाली कापड किमान ३ मिमी दबलं पाहिजे. नवं कॅनव्हास पहिल्या वर्षी ताठ असतं, आणि थंड, कोरड्या हॉलमध्ये आणखी ताठरतं. घरी जेमतेम ३.१ दाखवणारं जॅकेट घेऊन जाणं म्हणजे जुगारच. एकदा पास झालं म्हणून सुटका नाही: मॅच संपल्यावर निवडक खेळाडूंची पुन्हा तपासणी होते, आणि त्यात कापड नापास झालं तर गुण कितीही असोत, खेळाडू बाद होते.