सौर बंब, घरगुती बनावटीचा

उन्हाने पाणी तापवून ते साठवणारे, तयार विकत न घेता सुट्या सामानातून घरी जोडलेले साधन. त्याचे मुख्य भाग दोन : ऊन झेलणारा संग्राहक आणि तापलेले पाणी सांभाळणारी टाकी. काळी नळी नुसती उन्हात पडून राहिली तरी तिच्यातले पाणी दुपारी चटका देते, तेव्हा पाणी तापवणे हा यातला सोपा भाग आहे. ते आपोआप टाकीत चढवणे आणि सकाळपर्यंत गरम ठेवणे यात खरे कसब लागते. घरी केलेले बंब फसतात तेही बहुधा इथेच.

पूर्वपीठिका : काचेआड कोंडलेली उष्णता किती वाढते हे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने 1767 मध्ये काचेच्या झाकणाच्या पेटीने दाखवले, त्याच्या पुढच्या सुधारित पेटीतले तापमान 100° से.च्या वर गेले. अमेरिकेतील क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 मध्ये काळ्या टाक्या काच लावलेल्या पेटीत ठेवून केलेल्या बंबाचे पेटंट घेतले. त्यात टाकी हाच संग्राहक असल्याने रात्री काचेतून उष्णता निसटे आणि पहाटे पाणी कोमट होई. कॅलिफोर्नियातील विल्यम बेली यांनी 1909 च्या सुमारास संग्राहक व टाकी वेगळी करून टाकीला उष्णतारोधक आवरण घातले. आजचे बहुतेक घरगुती नमुने या दोघांपैकी एकाच्या वाटेने जातात. केम्प-पद्धतीचा बंब एका दिवसात जमतो. संध्याकाळीच पाणी वापरून संपणार असेल तर तो पुरतो. उगाच हिणवू नये.

आकारमान : 100 लिटर पाणी 20° से.पासून 50° से.पर्यंत नेण्यास सुमारे 12,600 किलोजूल, म्हणजे 3.5 युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. स्वच्छ दिवशी एक चौ. मी. जागेवर सर्वसाधारणपणे 5 ते 6 युनिट ऊर्जा पडते आणि घरी जोडलेला संग्राहक तिच्यातली तिसरा हिस्सा ते निम्मी पाण्यात उतरवतो. त्यामुळे 100 लिटरला सुमारे 2 चौ. मी. संग्राहक हे प्रमाण ठीक बसते. टाकी याहून बरीच मोठी घेतली तर पाणी भरपूर, पण कोमट मिळते.

अभिसरण : गरम पाणी हलके असते म्हणून वर चढते आणि त्याची जागा टाकीच्या तळाचे थंड पाणी घेते. या थर्मोसायफन पद्धतीला पंप लागत नाही. मात्र मागचा जोर फार तोकडा असतो. 25° से. व 60° से. पाण्याच्या घनतेतील फरक दर घ.मी.ला जेमतेम 14 किग्रॅ. आहे; म्हणजे एक मीटर उंचीच्या फरकाने मिळणारा दाब पाण्याच्या दीड सेंटिमीटर स्तंभाइतकाही नाही. नळीत अडकलेला हवेचा एक बुडबुडा एवढा जोर सहज अडवतो. म्हणून संग्राहकाच्या माथ्यापासून टाकीपर्यंतची नळी सतत चढती, रुंद आणि शक्य तितकी आखूड हवी. मध्ये कुठेही कुबड नको. काटकोनी जोडांपेक्षा सैल वळणे बरी. संग्राहकात पाणी खालच्या एका कोपऱ्यातून आत घ्यावे आणि तिरपे समोरच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर काढावे. टाकीतील पाण्याची पातळी गरम नळीच्या तोंडाखाली गेली की अभिसरण तुटते. संग्राहक तापलेला आणि टाकी थंड, अशी तक्रार असेल तर आधी नळीतले कुबड आणि टाकीतली पातळी या दोनच जागा पाहाव्यात.

टाकीचा तळ संग्राहकाच्या माथ्यापेक्षा निदान 30 सेंमी. उंच ठेवतात. तसे न केल्यास रात्री गार पडलेल्या संग्राहकातून प्रवाह उलटा फिरतो आणि दिवसाची कमाई आकाशात जाते.

रचना : संग्राहकात खालीवर दोन जाड आडव्या नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक उभ्या नळ्या असतात, साधारण 10 ते 12 सेंमी. अंतरावर. त्यांना काळा निस्तेज रंग दिलेला पत्रा जोडतात. पत्रा नळीवर नुसता टेकवून भागत नाही. मधली हवेची फट उष्णता अडवते, म्हणून डाख देऊन किंवा नळीच्या आकाराची खाच पाडून घट्ट बसवावा लागतो. तांब्याच्या नळ्या आणि जस्तलेपित लोखंडी टाकी ही जोडी टाळावी. मध्ये प्लास्टिकचा जोड घातला तरी पाण्यात विरघळलेले तांबे फिरत टाकीपर्यंत पोचते आणि तिथे गंज धरतो. पीव्हीसी नळी स्वस्त असली तरी सुमारे 60° से.नंतर मऊ पडू लागते. पत्र्यामागे काचलोकर किंवा खनिज लोकर घालतात. थर्मोकोल तिथे वितळून आक्रसतो. काच पत्र्यापासून सुमारे अडीच सेंमी. वर बसवतात. उत्तर गोलार्धात संग्राहकाचे तोंड दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे ठेवतात. कल स्थळाच्या अक्षांशाइतका, आणि हिवाळ्यासाठी 10° ते 15° जास्त. दिशा थोडी चुकली तर फारसे बिघडत नाही.

टाकीभोवती निदान 10 सेंमी. जाडीचे आवरण हवे आणि नळ्यांनाही ते हवेच. लोक टाकी गुंडाळतात आणि नळ्या उघड्या सोडतात. गरम पाणी टाकीच्या माथ्यातून काढतात. नवे थंड पाणी तळाशी संथपणे सोडतात, नाहीतर गरम-थंड थर ढवळले जातात.

धोके : टाकीला वर उघडी हवानळी असलीच पाहिजे. बंदिस्त टाकीत वाफ कोंडून स्फोट होऊ शकतो, आणि ही गोष्ट हौशी कारागिराच्या अंदाजावर सोडण्यासारखी नाही. रिकामा संग्राहक उन्हात 100° से.च्या बराच वर तापतो. त्यात थंड पाणी सोडल्यास त्याची एकदम वाफ होऊ शकते, म्हणून तो सकाळी किंवा झाकून भरावा. 100 लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन 100 किग्रॅ. असते, ते छताला पेलायला हवे. 60° से.चे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, तर दीर्घकाळ कोमट राहिलेल्या टाकीत फुप्फुसाचा आजार करणारे लिजिओनेला जीवाणू वाढतात. म्हणून टाकी अधूनमधून 60° से.च्या वर नेऊन वापराच्या तोंडाशी थंड पाणी मिसळणे हा मध्यममार्ग. गोठणाऱ्या हवेत पाणी सुमारे 9 टक्के फुगून नळ्या फोडते. 1913 च्या थंडीत बेली यांच्या ग्राहकांच्या नळ्या अशाच फुटल्या. त्यानंतर त्यांनी संग्राहकात न गोठणारे मिश्रण फिरवून त्याची उष्णता टाकीतील वेटोळ्यामार्फत पाण्याला देण्याची सोय केली. घरी तेवढा खटाटोप नको असेल तर कडक थंडीच्या रात्री संग्राहक रिकामा करता येईल अशी तोटी सर्वांत खालच्या बिंदूवर बसवावी. तीच तोटी पुढे जड पाण्याचे क्षार धुऊन काढायला उपयोगी पडते.