माणशी किती हवा?

खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली की जीव कासावीस होतो, तो नेमका कशानं? इमारतीत किती हवा खेळवायची आणि त्यासाठी किती वीज जाळायची, हा सगळा हिशोब या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. आणि उत्तर बदलत गेलं आहे.

म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये खोल्यांतला कार्बन डायऑक्साइड मोजला. एवढ्या प्रमाणात हा वायू अपाय करत नाही, हे ते जाणून होते. माणसांच्या अंगातून आणि श्वासातून खोलीत जे साचतं त्याची ती फक्त खूण. त्यांची 0.1 टक्क्याची मर्यादा, म्हणजे दहा लाख भागांत 1000 भाग, आजही भिंतीवरच्या सेन्सरांत वापरली जाते. (आकडा हजारावर गेला की हवा 'विषारी' झाली म्हणणारे पेटेनकोफरांना चुकीचे वाचतात.)

मग 1905 मध्ये ब्रेस्लाउला, कार्ल फ्लूग्ग यांच्या प्रयोगशाळेत, एक फार सुंदर प्रयोग झाला. हवाबंद पेटीत माणूस बसवला. काही वेळानं तो घामेजला, अस्वस्थ झाला. नळीतून बाहेरची ताजी हवा श्वासात दिली, तरी उतार पडेना. उलट बाहेर उभ्या असलेल्या माणसानं त्याच पेटीतली हवा नळीनं ओढली, त्याला काहीच झालं नाही. शेवटी पेटीत पंखा लावला. हवा तीच, शिळीच, पण आतल्याला बरं वाटलं. घुसमट फुप्फुसांत नव्हती, कातडीवर होती. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती.

तरीही माणशी हवेचा आकडा हवाच होता. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेनं 1895 मध्ये माणशी मिनिटाला 30 घनफूट ठरवला होता. 1936 मध्ये हार्वर्डच्या यॅग्लू यांनी खोलीत माणसं बसवली, बाहेरून ताज्या नाकाचे परीक्षक आत आणले आणि वास कितपत येतो ते विचारलं. त्यातून बऱ्याच कमी हवेत भागतं असं दिसलं. 1973 च्या तेलसंकटानंतर कात्री आणखी चालली. 1981 च्या अमेरिकी मानकात धूम्रपान नसलेल्या कार्यालयांना 5 घनफूट पुरे ठरले. खिडक्या सीलबंद झाल्या, आत नवे गोंद, गालिचे, भुशाच्या फळ्या आल्या. डोळे चुरचुरणं, डोकं दुखणं सुरू झालं आणि 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' हा शब्द रुळला. 1989 मध्ये किमान आकडा 15 वर आला, कार्यालयांसाठी 20 वर. ही वाढ फुकटची नसते: त्याच डक्टमधून दुप्पट हवा ढकलायची तर पंख्याला सुमारे आठपट वीज लागते, शिवाय ती हवा गार किंवा गरम करण्याचा खर्च वेगळाच.

उष्णतेची बाजू डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी 1970 मध्ये गणितात बसवली. तापमान, दमटपणा, हवेचा वेग, भोवतालच्या भिंतींची ऊब, अंगावरचे कपडे, शरीराची हालचाल, असे सहा घटक घेतले की किती टक्के लोक नाराज असतील ते सांगता येतं. त्यांच्या सूत्रात नाराजांची टक्केवारी 5 च्या खाली कधीच जात नाही. सगळ्यांना खूश करता येत नाही हे इतक्या सरळपणे मान्य करणारं सूत्र विरळाच. पण माहिती प्रयोगशाळेतल्या खोल्यांतली होती, बहुतेक मंडळी विद्यार्थी.

प्रत्यक्ष इमारतींत गेलेल्यांना वेगळं दिसलं. मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल 1970 च्या दशकापासून सांगत होते की माणूस सदरा सैल करतो, खिडकी उघडतो, ऋतूप्रमाणे अपेक्षाही बदलतो. 1998 मध्ये रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी जगभरच्या 160 इमारतींतली सुमारे 21,000 निरीक्षणं एकत्र केली. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींत बाहेरचं तापमान चढलं की आतलं सुसह्य तापमानही चढतं, असं निघालं. गार करण्याचा खर्च वाचवायला याहून सोपा आधार नाही. अमेरिकी मानकानं 2004 मध्ये तो स्वीकारला, एका अटीवर: खिडकी आत बसलेल्याला स्वतःच्या हातानं उघडता आली पाहिजे.