तार दुसऱ्याची, धंदा डायल-अपचा

डायल-अप इंटरनेट विकणाऱ्या कंपनीला गावात हातभरही तार टाकावी लागत नसे. ग्राहकाचा मोडेम (संगणकाची माहिती ध्वनिसंकेतांत बदलणारे यंत्र) घरच्या दूरध्वनीवरून कंपनीचा क्रमांक लावी आणि बोलण्यासाठी राखलेल्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातून माहिती सरकत राही. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर हा धंदा थोड्या भांडवलात उभा राहू शकला, तो यामुळेच. जिल्ह्याच्या गावी ३० वाहिन्यांची, म्हणजे एका वेळी ३० कॉल घेणारी, एक डिजिटल जोडणी घेतली, की ढोबळमानाने ३०० ग्राहक सांभाळता येत, कारण सगळे एकाच वेळी येत नसत. (बारावीच्या निकालाच्या दिवशी मात्र येत, आणि मग नुसता एंगेज टोन ऐकू येई.)

ब्रॉडबँडने हीच मांडणी मोडली. वेगाचा प्रश्न त्यामानाने दुय्यम होता. दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारे एडीएसएल तंत्र तीच तांब्याची तार वापरते, पण सुमारे २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या वरच्या पट्ट्यात. हे संकेत दूरध्वनीच्या स्विचमधून पार होत नसल्यामुळे ते वेगळे काढणारे यंत्र तारेच्या टोकाशी, म्हणजे एक्स्चेंजमध्येच (दूरध्वनी केंद्रात) बसवावे लागते. साहजिकच तार ज्याची, त्याचेच ब्रॉडबँड. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ही सेवा सुरू केली. तारा इतरांना भाड्याने खुल्या करण्याची दूरसंचार नियामकाची शिफारस मात्र सरकारने स्वीकारली नाही. माझ्या मते छोट्या कंपन्यांचे भवितव्य तिथेच ठरले.

ग्रामीण विदर्भात अंतरामुळे डायल-अपला थोडी सवड मिळाली. वारंवारता जितकी जास्त, तितका संकेत तारेत लवकर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून पाचेक किलोमीटरपलीकडे एडीएसएल सहसा टिकत नाही. धारणी किंवा एटापल्लीच्या बाजारपेठेत ते चालेल, पण दूरच्या पाड्यावर नाही. डायल-अप मात्र तग धरते : पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून लाइन खरखरू लागली, की मोडेम पुन्हा लाइन जोखतो आणि वेग उतरवून काम चालू ठेवतो. २८.८ केबीपीएसवर (सेकंदाला २८.८ हजार बिट) एक मेगाबाइटच्या फाइलला पाचेक मिनिटे लागतात, तर २५६ केबीपीएसवर अर्धे मिनिट. वर कॉलची पल्स, म्हणजे बिलाचे एकक, पडत राही ती वेगळीच. अशा विखुरलेल्या मोजक्या ग्राहकांवर ३० वाहिन्यांचे भाडे निघत नसे, आणि पुढे मोबाइल इंटरनेटने तेही ग्राहक नेले.

आता बीएसएनएलची फायबर जोडणी बऱ्याच गावांत स्थानिक केबलवाला महसुलात वाटा घेऊन देतो. मधला व्यावसायिक पुन्हा आला आहे. फरक इतकाच, की शेवटच्या टप्प्यातली तार या वेळी त्यानेच ओढलेली असते.