मुंबई–दिल्ली: अंतर तेच, मग मिनिटं कुठली वाढली?

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे ६१४ सागरी मैल. १९४९च्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला जमत आणि तिथे टपालाची अदलाबदल होई. त्या वाटेने मुंबईचं पत्र दिल्लीला जाईपर्यंत साधारण १,५३५ किलोमीटर उडे. १९६४मध्ये जेट आलं, ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन. आजची विमानंही त्याहून फारशी वेगवान नाहीत.

तरी तिकिटावर सव्वादोन तास दिसतात. हवेत प्रत्यक्षात जेमतेम पावणेदोन तास जातात. घोळ ‘फ्लाइट टाइम’ या शब्दात आहे. प्रवासी त्याचा अर्थ ‘हवेतला वेळ’ असा घेतो. वैमानिकाच्या लॉगबुकात मात्र उड्डाणासाठी विमान जागचं हललं की तो सुरू होतो आणि उतरून पूर्ण थांबल्यावर संपतो. दुरुस्ती विभाग चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचाच वेळ धरतो. एकाच फेरीचे दोन आकडे, दोन्ही बरोबर! वेळापत्रकात छापतात तो ब्लॉक टाइम. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा, असा त्याचा मूळ अर्थ. त्यात पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणं), टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत आणि परत चालणं), धावपट्टीपाशी रांग, सगळं येतं. वक्तशीरपणा मोजताना १५ मिनिटांपर्यंतचा उशीर धरत नाहीत. त्यावर ब्लॉक टाइमच थोडा सैल ठेवला, की रांगेत अडकलेलं विमानही ‘वेळेत’ पोचतं. ‘आपण २० मिनिटं आधी पोचलो’ या घोषणेत वैमानिकाच्या कौशल्यापेक्षा वेळापत्रकाचा वाटा मोठा असतो.

अर्थात सगळी मिनिटं फुगवलेली नसतात. दिल्लीच्या चारही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. वारा पश्चिमेचा असेल तर दक्षिणेकडून आलेल्या विमानाला पूर्वेला वळसा घालून उतरावं लागतं. हिवाळ्यात उत्तरेकडे उंचावर पश्चिमेचा वेगवान वारा असतो. तो जाताना थोडं ढकलतो, परतताना तेवढंच अडवतो.

खरी अडचण मुंबईची. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच चालते. विमानं ४०-४० मिनिटं घिरट्या घालत आणि ताशी सरासरी दोन हजार किलो इंधन जाळत. म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये गर्दीच्या वेळी तासाला ४६ऐवजी ४४ आणि एरवी ४४ऐवजी ४२ विमानांची मर्यादा घातली गेली. कंपन्यांना ते रुचलं नाही. पण कागदावरचे स्लॉट, म्हणजे विमानांना उतरण्या-उडण्यासाठी दिलेल्या ठरावीक वेळा, आणि धावपट्टीची कुवत यांचा मेळ आधीच बसत नव्हता, हेही खरं.

२५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली. तिथून दिल्लीचं हवाई अंतर जवळजवळ तेवढंच आहे. फरक पडेल तो घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्याचा.