न्यूयॉर्क एक, फेडरल कोर्टं दोन

भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांचा खटला ‘न्यूयॉर्कच्या कोर्टात’, गौतम अदानींवरचं आरोपपत्रही ‘न्यूयॉर्कच्या कोर्टात’. आपल्याकडच्या बातम्या एवढ्यावरच थांबतात. पण ही कोर्टं दोन आहेत. पहिला खटला मॅनहॅटनमधल्या सदर्न डिस्ट्रिक्टचा, दुसरा ब्रुकलिनमधल्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टचा. मध्ये ईस्ट रिव्हर. दोन्ही फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचे खटले जिथे पहिल्यांदा उभे राहतात अशी.

एका शहरात दोन कशाला? कारण वाटणी झाली तेव्हा शहर एक नव्हतंच. १७८९ च्या कायद्याने अख्ख्या न्यूयॉर्क राज्याला एकच डिस्ट्रिक्ट कोर्ट मिळालं. न्यायाधीश जेम्स ड्युएन यांनी ३ नोव्हेंबर १७८९ ला कामकाज सुरू केलं, तेव्हा अमेरिकेचं सुप्रीम कोर्टसुद्धा एकदाही बसलेलं नव्हतं. सदर्नवाले स्वतःला ‘मदर कोर्ट’ म्हणवतात ते याच तोऱ्यात. १८१४ मध्ये राज्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग पडले, आणि १८६५ मध्ये दक्षिणेतून ईस्टर्न वेगळं निघालं. ब्रुकलिन त्या वेळी स्वतंत्र शहर होतं. १८९८ मध्ये ते न्यूयॉर्कात विलीन झालं, पण कोर्टाची हद्द होती तिथेच राहिली.

आज सदर्नकडे मॅनहॅटन, ब्राँक्स आणि उत्तरेकडच्या वेस्टचेस्टर वगैरे सहा काउंट्या आहेत. ईस्टर्नकडे ब्रुकलिन, क्वीन्स, स्टेटन आयलंड आणि लाँग आयलंडवरच्या नॅसॉ व सफोक. कायम न्यायाधीशांची पदं सदर्नला २८, ईस्टर्नला १५.

कामाचा पोतही या नकाशातूनच ठरतो. वॉल स्ट्रीट सदर्नच्या हद्दीत, त्यामुळे मॅडॉफ, राज राजरत्नम, रजत गुप्ता यांचे आर्थिक घोटाळ्यांचे खटले तिथे चालले. जेएफके विमानतळ क्वीन्समध्ये, म्हणून तिथे पकडलेला तस्करीचा माल ईस्टर्नच्या वाट्याला येतो. गोटीसारखा माफिया डॉन आणि अमली पदार्थांचा तस्कर ‘एल चापो’ यांनाही ब्रुकलिनमध्येच दोषी ठरवलं गेलं. मात्र शेअर आणि रोख्यांचे गुन्हे फक्त मॅनहॅटनचे, असं समजू नका. फसवणुकीचा फोन किंवा ईमेल ज्या डिस्ट्रिक्टमधून गेला, तिथेही खटला भरता येतो. त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांवरचे सरकारी वकील एकाच प्रकरणावर डोळा ठेवून असतात. गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा आरोप असलेलं अदानींवरचं आरोपपत्र (समूहाने आरोप फेटाळले) नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रुकलिनहून आलं, यात म्हणूनच नवल नव्हतं.

खोब्रागडे यांना डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली ती मॅनहॅटनमध्ये, आणि प्रकरणही सदर्नकडेच होतं. न्यायाधीश शीरा शाइंडलिन यांनी मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द केलं. दोनच दिवसांत सरकारी वकिलांनी नवं आणलं.

एका कोर्टाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नाही. अपील मात्र दोघांचंही सेकंड सर्किट या वरच्या अपील कोर्टाकडे जातं, आणि ते कोर्ट बसतं मॅनहॅटनमध्ये, सदर्नच्याच जुन्या इमारतीत. मधली नदी कोणाची, हा प्रश्नही कायद्याने मिटवलेला आहे: मॅनहॅटन आणि ब्राँक्सच्या पाण्यावर दोन्ही कोर्टांचा अधिकार चालतो.