मिंडेन युद्धनौकेचे जलावतरण (मुंबई, १८१०)

ब्रिटिश आरमाराची ७४ तोफांची शिडाची युद्धनौका ‘मिंडेन’ १९ जून १८१० रोजी, मंगळवारी, मुंबईच्या डंकन गोदीतून समुद्रात उतरली. रांग धरून शत्रूवर तोफा डागणाऱ्या मोठ्या युद्धनौकांपैकी ब्रिटनबाहेर ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली ही पहिली नौका. जर्मनीतल्या मिंडेनच्या १७५९ मधील लढाईवरून तिचे नाव ठेवले होते. बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून गोदीतले जहाजबांधणीचे काम याच पारशी घराण्याकडे होते.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटनला ओकचे लाकूड अपुरे पडू लागले होते. मलबारचा साग त्याहून सरस ठरला. सागातले तेल लोखंडी खिळे सांभाळते, ओकमधले आम्ल मात्र ते खाते.

उतारावरून घरंगळत, पाणी उडवत दर्यात शिरणारे जहाज हे जलावतरणाचे नेहमीचे चित्र. मुंबईत तसे होत नसे. इथे जहाज सुक्या गोदीत बांधत आणि भरतीला गोदीत पाणी घेऊन तरंगवत बाहेर काढत. उतारावरून सोडलेल्या जहाजाचा मागचा भाग आधी पाण्यावर उचलला जातो, पुढचा अजून लाकडावरच टेकलेला असतो. त्या काही क्षणांत लांबलचक सांगाड्याला मोठा ताण बसतो. गोदीत पाणी चारी बाजूंनी सारखे चढते, टेकू आपोआप सुटतात आणि जहाज जागच्या जागी उचलले जाते. तोफांचे ओझे सहसा नंतरच चढवत. यासाठी लागते ती मोठी भरती, आणि मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. त्या मंगळवारी पौर्णिमा नुकतीच उलटली होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. मुहूर्त माणसांनी ठरवला असला तरी खरा हुकूम समुद्राचा होता.

भरती पूर्ण चढल्यावर गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी रिवाजाप्रमाणे बाटली फोडली आणि जहाज प्रवाहात आले. गोदीला नाव त्यांचेच होते. ‘बॉम्बे कुरिअर’ने मात्र वृत्तांतात जमशेटजींचे नाव घेतले, आणि बांधणीच्या देखणेपणात व मजबुतीत ही नौका ब्रिटनच्या नामांकित गोद्यांतल्या कोणत्याही युद्धनौकेच्या तोडीची आहे, असे जाणकारांचे मत दिले. परक्या सत्तेच्या वृत्तपत्राने हिंदी कारागिराला दिलेली ही कबुली मोलाची आहे. सुतार, लोहार आणि फळ्यांच्या सांध्यांत डांबर भरणाऱ्या शेकडो हातांची नावे मात्र कुणी नोंदली नाहीत.

बाटलीचा विधी इंग्रजांचा. वाडियांचा स्वतःचा विधी बांधणीच्या आरंभी होई: जहाजाच्या पठाणात, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईत, चांदीचा खिळा ठोकत. ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटच्या, म्हणजे मिंडेनहून लहान युद्धनौकेच्या वेळी जमशेटजींनी असा कोरीव खिळा ठोकल्याची नोंद आहे.

मिंडेन १८११ च्या जावा मोहिमेत आणि १८१६ च्या अल्जीयर्सवरील तोफमाऱ्यात होती. १८४२ पासून ती हाँगकाँगला इस्पितळ-जहाज म्हणून उभी राहिली आणि १८६१ मध्ये विकली गेली. तिच्यामागून मुंबईच्या गोदीतून ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३), ‘वेलस्ली’ (१८१५) आणि ८४ तोफांची ‘गँजिस’ (१८२१) बाहेर पडल्या. चीनशी झालेल्या नानकिंग तहावर १८४२ मध्ये सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’वरच. १८१७ मध्ये मुंबईत उतरवलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून अजूनही पाण्यावर तरंगते.