फरश्यांमधली वाळू

पाऊस ओसरला की मी अंगणातल्या फरश्या बघायला लागतो. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात, त्या ओळीतली दरज सगळ्यांत आधी रिकामी होते. यंदा तिथे बोटाचं एक पेर सहज आत जात होतं. चार पावलं अलीकडे, जिथे थेट धार येत नाही, तिथली वाळू जागच्या जागी होती, वरून शेवाळाने धरलेली. एका कोपऱ्यात मुंग्यांनी आतली वाळू कण कण वर आणून तिचा छोटा ढीग केला होता. भिंतीलगतच्या फटीत पिंपळाचं दोन पानांचं रोप उगवलं होतं. फरशी एकही फुटलेली नव्हती. तरी त्या रिकाम्या ओळीच्या दोन बाजूंच्या दोन फरश्या पाय पडला की डुगडुगायच्या, आणि पावसात त्यांच्या कडेने पचकन गढूळ पाणी वर यायचं.

फरशी शाबूत आहे, खालची जमीन तीच आहे, मग ती हलते का? दरज म्हणजे दोन फरश्यांमध्ये उरलेली जागा, आणि ती भरायची ती दिसायला बरं म्हणून, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ओझं वाटून घेण्याचं काम तिथेच होतं. फरशीच्या कडेवर पाय दिला की ती कड खाली जाऊ बघते. दरजेत वाळू घट्ट बसलेली असेल तर ती घर्षणाने शेजारच्या फरशीलाही खाली ओढते, म्हणजेच वजनाचा काही भाग तिच्याकडे सोपवते. दरज रिकामी झाली की प्रत्येक फरशी एकटी पडते. ती थोडी कलते, खालचं पाणी दाबते, आणि ते पाणी बाहेर पडताना गादीतली, म्हणजे फरशीखाली अंथरलेल्या थरातली, बारीक माती घेऊन येतं. ते गढूळ पाणी म्हणजे पायाखालची जमीन थोडी थोडी निघून जात असते. खाली पोकळी झाली की फरशी जास्त हलते, जास्त हलली की पोकळी वाढते.

सुटी वाळू एवढं ओझं कसं धरते, याचं उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर कोणालाही बघता येतं. लाट नुकतीच मागे गेलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल ठेवा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट दिसते. दाबलं तर पाणी वर यायला हवं, इथे ते आत जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचं कारण मांडलं. घट्ट बसलेल्या वाळूचे कण एकमेकांच्या खाचांत रुतलेले असतात. त्यांना सरकायचं तर एका कणाला दुसऱ्यावर चढावं लागतं, आणि चढताना सगळा थर थोडा फुगतो. कणांमधली जागा वाढते, वरचं पाणी त्या जागेत शोषलं जातं, म्हणून वरून वाळू कोरडी दिसते. म्हणजे घट्ट वाळूला सरकण्यासाठी आधी फुगायला जागा लागते.

दरजेत नेमकी तीच मिळत नाही. दोन्ही बाजूंना दगड. कण एकमेकांवर चढू बघतात, फरश्यांना रेटतात, फरश्या हटत नाहीत आणि वाळू जाम होते. यातूनच कळतं की अंगणाच्या कडेला विटांची किंवा दगडाची पक्की कड कशासाठी हवी. कड सुटली की फरश्या केसाएवढ्या बाहेर सरकतात, वाळूला फुगायला जागा मिळते आणि तिची पकड जाते. मधल्या दरजा वारंवार रिकाम्या होत असतील तर मी आधी कड तपासतो.

आपल्या फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक याच तत्त्वावर उभे असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये घरं बांधायला विटा हव्या होत्या, म्हणून विटांचे रस्ते करणाऱ्या त्या देशाने रस्त्यांसाठी काँक्रीटचे ठोकळे करायला घेतले. त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटरची फट आणि तिच्यात कोरडी वाळू, एवढंच. जगातल्या कितीतरी बंदरांत कंटेनरचे अवजड यार्ड अशा ठोकळ्यांवर उभे आहेत.

आता भरण्याबद्दल. सगळ्यांत जास्त चूक ओलसर वाळूने होते. दमट वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो शेजारच्या कणाला चिकटतो. किल्ला बांधता येतो तो याच चिकटण्यामुळे. पण त्यामुळे कण नीट खाली बसत नाहीत, एकमेकांना धरून कमानी करतात आणि त्यांच्याखाली पोकळ्या राहतात. बांधकामावरचे लोक म्हणतात, वाळू फुगली. थोड्याशा ओलीनेही बारीक वाळूचं आकारमान पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. घरी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात दमट वाळू काठोकाठ भरा आणि हळूहळू पाणी ओता. वाळू बुडाली की पापुद्रेच उरत नाहीत, पकड सुटते आणि ती डोळ्यांदेखत खाली बसते. दरजेतही हेच होतं. वरून भरलेली दिसते, आत पोकळ असते, आणि पहिल्या पावसात निम्मी रिकामी होते.

म्हणून ऑक्टोबरचं ऊन या कामाला उत्तम. वाळू ताडपत्रीवर पसरून दोन दिवस सुकवायची. वाळू कोनेदार कणांची हवी. दगड फोडून केलेली क्रश सँड चाळून, तिच्यातली धूळ काढून वापरली तर चांगली रुतते. नदीची गोलसर वाळू तेवढी धरत नाही. समुद्राची तर आणूच नये, कारण तिच्यात मीठ असतं.

मिठाची भीती शहाबादीला जास्त. ही फरशी म्हणजे कर्नाटकात शहाबादच्या आसपास, भीमेच्या खोऱ्यात निघणारा चुनखडीचा दगड. प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. थर असल्यामुळेच तो छन्नीने सपाट निघतो, आणि थर असल्यामुळेच मीठ आत शिरून तिथे स्फटिक झालं की त्याचे पापुद्रे सुटतात. चुनखडी असल्यामुळे आम्ल त्याला खातं. ताज्या कपरीवर लिंबाचा थेंब टाकून निरखून पाहिलं तर बारीक बुडबुडे दिसतात. दरजांतलं शेवाळ काढायला अ‍ॅसिड ओतणाऱ्यांना मी कळवळून सांगतो, अ‍ॅसिडने शेवाळासोबत फरशीची कडही जाते, आणि ती परत येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या अंगणात एकाने दरजा कायमच्या बंद करतो म्हणून सिमेंटचा पातळ घोळ ओतला होता. दिवाळीपर्यंत सगळ्या दरजांच्या कडेने केसासारख्या भेगा. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. त्या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी लागतं. ओतता येईल एवढा पातळ घोळ करायला त्याहून कितीतरी जास्त घालावं लागतं. जास्तीचं पाणी उडून जातं आणि घोळ आकसतो. आकसण्याला अडवणारा वाळूचा सांगाडा त्यात नसतोच. शिवाय आमच्या फरश्या मुरूम आणि वाळूच्या गादीवर आहेत, त्याखाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शहाबादीची दहा मीटर लांबीची ओळ थंडीतल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत दोन-तीन मिलिमीटर वाढते, ते वेगळंच. खालचं सगळं हलणारं, आणि वर मात्र अजिबात न हलणारं सिमेंट.

त्या केसाएवढ्या भेगा उघड्या दरजेपेक्षा वाईट. दोन दगडांत एक मिलिमीटर फट असेल तर पाणी आपल्या पृष्ठताणाने तिच्यात दीड सेंटिमीटर चढतं. फट त्याच्या दहाव्या हिश्शाची असेल तर पंधरा सेंटिमीटर. फट जितकी अरुंद, तितकं पाणी जास्त चढतं आणि तिथेच धरून राहतं. आमच्या त्या भेगा पाऊस थांबल्यावर बाकी अंगण वाळलं तरी काळ्या ओल्या दिसायच्या. पिंपळाला आणि शेवाळाला याहून बरी जागा कोणती? ते सिमेंट छन्नीने काढताना सात फरश्यांच्या कडा उडाल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सिमेंट नकोच असं नाही. फरशी खाली काँक्रीटवर, मालात म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणात बसवलेली असेल, तर दरजेतही मालच हवा, कारण तिथे खालचं हलत नाही. दरजेत लोखंडी सळई खुपसून बघावी. मऊ जात राहिली तर गादी वाळूची, टणकन अडली तर काँक्रीट. माल भरायचा तर जुना माल दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरायचा, धूळ झाडायची, दगड ओला करायचा, आणि एक भाग सिमेंटला चार भाग वाळू असा घट्टसर माल थापीने दाबून बसवायचा. त्यानंतर सात दिवस पाणी मारायचं. माल दगडापेक्षा कठीण करू नये. ताण आला तर माल फुटावा, फरशी नव्हे, माल पुन्हा भरता येतो. जुन्या वाड्यांतला चुना याबाबतीत मोठा शहाणा होता. तो मऊ राहायचा, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षं हळूहळू घट्ट व्हायचा. बारीक भेग पडलीच तर पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा साचून ती बुजवायचा.

यंदा मी त्या दोन फरश्या उचलून खालची पोकळी भरली. मग कोरडी वाळू अंगणभर पसरून खराट्याने दरजांना तिरकं लोटली. सरळ लोटली तर खराट्याच्या काड्या भरलेली वाळू परत उचलतात. लाकडी हातोड्याने फरश्यांवर हलके ठोके दिले की वाळू बोटभर खाली उतरायची. पुन्हा भरायची, पुन्हा ठोकायची. तीन फेऱ्यांनंतर ती उतरायची थांबली. आठवड्याने एकदा वरून भर घातली.

पागोळ्यांच्या ओळीत मात्र बारीक वाळू टिकणार नाही, हे आता कळलंय. तिथली दरज रुंद आहे, म्हणून तिच्यात कच, म्हणजे दगडाची बारीक खडी, भरली. मोठा दाणा धारेने सहज उचलला जात नाही. आणि पुढच्या पावसाआधी छपराला पन्हळ लावून घ्यायची, असं ठरवलं आहे.